जीपचा घसा, औंढ्याचा कान

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा जरा समोर घ्या बघू. मराठवाड्यात परभणी सापडली का? तिच्या ईशान्येला बोट सरकवा, की हिंगोली येईल. पूर्वी हा सगळा एकच परभणी जिल्हा होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. आता परभणीहून हिंगोलीकडे निघा. झिरो फाटा मागे टाका, हट्टा मागे टाका, आणि औंढा नागनाथ यायच्या आधी थांबा. आपण आलो जवळा बाजारला!

जवळा नावाची गावं आपल्याकडे पुष्कळ. याच हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीकडे जवळा पांचाळ आहे. म्हणून मग कुठला जवळा? तर बाजाराचा जवळा. नावातच बाजार आहे म्हटल्यावर गावाचा स्वभाव वेगळा सांगायला नको. इथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. आसपासच्या शिवारातली सोयाबीन, तूर, हळद, कापूस, सगळ्याची पावलं अशा बाजाराच्या गावाकडे वळतात. आणि माल येतो तो काही उडत येत नाही. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, मोटारसायकल आणि अधूनमधून बैलगाडीही.

आता डोळे मिटा आणि नुसते कान उघडे ठेवा. हंगामात अशा गावात काय काय ऐकू येतं? हमालांची हाक, लिलावाची बोली, भज्यांच्या कढईची चुरचुर, आणि या सगळ्यांवर कडी करणारा ‘धड धड धड धड’ असा जीपचा आवाज. एखादी जीप तर अशी ओरडत येते, की बोलणारा माणूस मध्येच थांबतो आणि ती पुढे गेल्यावर वाक्य पुरं करतो. तुम्हीही हे पाहिलं असेल. अशा वेळी दोन प्रश्न मनात यायला हवेत. ती जीप एवढी ओरडते का? आणि तिला गप्प करता येतं का?

आधी जीप इथे आली कशी, ते पाहू. ही सगळी काळी जमीन. कापसाला फार चांगली, पण पाऊस पडला की तिचा असा काही चिखल होतो, की चप्पल पायात राहत नाही. शेताकडे जाणाऱ्या पांदणीत साधी मोटार शिरली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून उंच, दणकट आणि चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली जीप याच कामाची. महायुद्ध संपल्यावर महिंद्रा कंपनीने मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. पुढे या गाड्या खेड्यापाड्यांत पसरल्या. मराठवाड्यात तर काळ्या-पिवळ्या जीपने दोन-तीन पिढ्यांना शाळेत, दवाखान्यात आणि लग्नाला नेलं.

पण जीप कितीही दणकट असली, तरी तिच्या पोटाखाली एक नाजूक जागा आहे. ती म्हणजे सायलेन्सर. इंजिनापासून निघालेला धुराचा पाइप गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मध्ये एक फुगीर डबा असतो. रस्त्यात दगड आला, तोच आपटतो. चिखल साचला, तिथेच साचतो. पाणी आणि धूर मिळून आतून पत्रा गंजवतात, ते निराळंच. एक दिवस पाइपाला भोक पडतं आणि गाडीचा घसा बसण्याऐवजी मोकळा होतो! मग गाडी जाते वेल्डिंगच्या दुकानात. तिथे मिस्त्री पाइप वाकवून, डबा जोडून नवा सायलेन्सर बसवतात. मापाचा सदरा शिवावा तसं हे काम. शिंपी चांगला असेल तर सदरा अंगावर बसतो, नाहीतर काखेत काचतो.

आता हा डबा करतो तरी काय?

इंजिनात डिझेल जळतं, तेव्हा प्रत्येक वेळी एक छोटा स्फोट होतो. धूर बाहेर सोडणारी झडप उघडली, की आतला तापलेला वायू हवेपेक्षा कितीतरी जास्त दाबाने बाहेर झेपावतो. फुगा फुटल्यावर ‘फट्’ होतं ना? तसं. फक्त हे ‘फट्’ किती वेळा होतं, ते आपण मोजू. वही घ्या. जीपचं इंजिन चार सिलिंडरचं आहे आणि ते मिनिटाला २४०० फेरे घेतं आहे, असं धरा. अशा इंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा धूर सोडतो. म्हणजे एका फेरीत दोन धक्के. मिनिटाला ४८००. साठने भागा. सेकंदाला ८० धक्के! सेकंदाला ८० वेळा हवा हलली, की आपल्या कानाला एक खोल, घुमणारा सूर ऐकू येतो. हा ८० आकडा लक्षात ठेवा बरं का. पुढे त्याची गंमत येणार आहे.

या धक्क्यांना आवरण्याची युक्ती मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेत रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. दुसरं नाव हिराम पर्सी मॅक्सिम यांचं. त्यांचे वडील हिराम मॅक्सिम यांनी मशिनगन शोधून काढली. आयुष्यभर बंदुकांच्या आवाजात काम केल्यामुळे उतारवयात त्यांना ऐकू येईनासं झालं. आणि मुलाने काय शोधलं? बंदुकीचा आवाज कमी करणारी नळी! तिचं पेटंट १९०९ सालचं. पुढे त्याच विचारातून त्यांनी इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले.

सायलेन्सरमध्ये मुख्यतः दोन युक्त्या असतात. पहिली युक्ती अरुंद गल्लीतून एकदम मोठ्या चौकात जाण्याची. बारीक पाइपातून आलेला धक्का रुंद डब्यात शिरला, की पसरतो. थोडा पुढे जातो, थोडा भिंतीवर आपटून मागे फिरतो. मागे फिरलेली लाट आणि नवी येणारी लाट एकमेकींना छेद देतात आणि दोन्ही मंदावतात. काही डब्यांत एक बंद कप्पा मुद्दाम एखाद्या सुराच्या मापाचा ठेवतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारून पाहा. ‘भूंऽ’ असा एकच सूर येतो. बाटलीत थोडं पाणी घाला, सूर चढतो. म्हणजे प्रत्येक पोकळीचा आपला एक सूर असतो. पाइपाच्या कडेला योग्य मापाची अशी ‘बाटली’ जोडली, की तो सूर तिथेच अडकतो.

दुसरी युक्ती गोधडीची. पाइपाला बारीक भोकं पाडायची, त्याभोवती काचेची लोकर भरायची आणि वरून पत्र्याचं आवरण घालायचं. आवाज लोकरीत शिरतो आणि तिथेच जिरतो. हिवाळ्यात गोधडीत तोंड खुपसून ओरडलात, तर आईला स्वयंपाकघरात ऐकू जात नाही, तसंच हे. लोकर चिरके, कर्कश सूर छान शोषते. खोल घुमणारे सूर मात्र तिला जुमानत नाहीत, त्यांना मोठा डबाच लागतो. म्हणून शहाणा कारागीर दोन्ही युक्त्या एकत्र वापरतो.

आता एक वाद मिटवून टाकू. तुमच्या वर्गातही कोणीतरी म्हणत असेल, “आवाज मोठा म्हणजे गाडीत ताकद जास्त!” हे खरं आहे का? धुराची वाट फार अरुंद असेल, तर इंजिनाला तो ढकलायला जोर लागतो आणि गाडीचं पिकअप कमी होतं, इतकं खरं. पण वाट मोकळी करणं आणि आवाज मोकळा सोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. योग्य जाडीचा पाइप, गोलाईने घेतलेली वळणं आणि मोठा डबा असेल, तर धूर सहज जातो आणि आवाज डब्यात राहतो. डबा काढून टाकला म्हणजे ताकद दुप्पट होत नाही, गोंगाट मात्र दुप्पट होतो. ढोल मोठ्याने वाजतो तो आतून पोकळ असल्यामुळे, हे आजीला विचारा. ती लगेच सांगेल.

समजा, तुमच्या मामांकडे जुनी जीप आहे आणि सायलेन्सर बदलायचा आहे. मामांबरोबर दुकानात जा. मिस्त्रींना सांगा, “काका, आवाज कमी पाहिजे, पण गाडीची ओढ जायला नको.” मग पुढच्या गोष्टी नीट होतात का, ते पाहा.

पहिली गोष्ट, पाइपाची वळणं. तापवून आणि ठोकून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो. तिथे धुराची वाट अडते आणि शिट्टीसारखा आवाजही येतो. वळण गोल असावं.

दुसरी, टांगणी. इंजिन रबरावर बसलेलं असतं, ते सुरू असताना डुलतं. पाइप चेसिसला घट्ट वेल्ड केला, तर तो रोज थोडा थोडा पिळला जातो आणि एक दिवस तडकतो. शिवाय सगळी थरथर गाडीच्या पत्र्यात उतरते. म्हणून पाइप रबरी टांगणीवर लोंबता हवा आणि इंजिनाजवळ एक लवचीक, घड्यांचा जोड हवा.

तिसरी, उंची. पांदणीतल्या दगडांपासून वाचायला पाइप जमेल तितका वर, चेसिसच्या आडोशाला हवा. पण ब्रेकच्या, डिझेलच्या नळ्या आणि वायरी यांना खेटून मुळीच नको, कारण तो चांगलाच तापतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, गळती. इंजिनापासून शेवटच्या टोकापर्यंत कुठेही धूर फुटता कामा नये. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला गुंगी आणतो आणि बंद गाडीत जीवही घेतो. पाइपाचं टोक बसायच्या जागेच्या मागे, गाडीच्या बाहेर निघालं पाहिजे. सायलेन्सर फुटलेल्या जीपमध्ये पडदे लावून मुलांना बसवायचं, हे अजिबात चालवून घेऊ नका. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर लगेच गाडी थांबवायला सांगा आणि मोकळ्या हवेत या.

पाचवी गोष्ट शेतातली. तापलेला पाइप आणि वाळलेला कडबा यांची दोस्ती वाईट. सोयाबीनच्या गुळीवर, वाळल्या गवतावर गाडी उभी करून इंजिन चालू ठेवू नये.

आणि ओढ्यातून जाताना? इंजिन सुरू असेल, तर धुराचा जोर पाणी बाहेरच ठेवतो. मध्येच बंद पडलं, की पाणी पाइपातून आत चढू शकतं. पण ओढ्याला पूर असेल, तर कसलीही जीप घालायची नाही. तिथे सायलेन्सरचा प्रश्नच उरत नाही.

मामांनी आणखी एक चौकशी करायला हवी, कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२०वा नियम सायलेन्सरचाच आहे. प्रत्येक मोटारगाडीला, अगदी शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, सायलेन्सर हवाच. मूळ गाडीत मनाला येईल तसे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधल्या एका निकालात हे स्पष्ट केलं. म्हणून मापाचा सायलेन्सर करायचा तो मुळाइतकाच किंवा त्याहून शांत, आणि परिवहन कार्यालयात विचारून. नव्या गाड्यांच्या पाइपात धूर स्वच्छ करणारी यंत्रणा असते, ती कापून टाकणं तर साफ चूक. आवाजाची मर्यादा मोडली, तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मोटारसायकलींना ‘इंदोरी’, ‘पंजाबी’ अशा नावांचे फटाके फोडणारे सायलेन्सर लावतात ना, तेही यातच आले. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडले आणि वरून रोडरोलर फिरवला!

कोणी म्हणेल, “आवाजाने काय होतं? रक्त थोडंच निघतं?” रक्त निघत नाही, म्हणून तर फसगत होते. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप थोडं लबाड आहे. ३ डेसिबल वाढले, म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली. १० वाढले, म्हणजे दहापट! ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास काम करणं ही कानाची हद्द समजतात. ८८ झाले, तर चारच तास. ९१ ला दोन. १०० ला जेमतेम पाव तास. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा गेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. फुटक्या सायलेन्सरची जीप किंवा ट्रॅक्टर वर्षानुवर्षं चालवणाऱ्या काकांशी बोलताना तुम्हाला आवाज चढवावा लागतो का? त्याचं कारण हेही असू शकतं.

२००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा आणि दवाखाना यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या आकड्यांच्या मागे माणसं आहेत. बारावीचा अभ्यास करणारी ताई आहे, नुकतं झोपलेलं बाळ आहे, दम्याने रात्र काढलेले आजोबा आहेत. गोठ्यात बुजून दावं ओढणारा बैलही आहे.

चला, आता जवळा बाजारहून पुढे निघू. हाच रस्ता औंढा नागनाथला जातो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक अशी औंढ्याच्या नागनाथाची ख्याती. दगडी, हेमाडपंती देऊळ, भिंतीवर हत्तींची आणि देवादिकांची सुरेख कोरीव कामं. इथली एक आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. संत नामदेव देवळापुढे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांना वाटलं, आपल्या मंत्रपठणात याचा अडथळा होतो. त्यांनी नामदेवांना मागे जायला सांगितलं. नामदेव वाद न घालता मागे गेले आणि तिथे गाऊ लागले. तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं! नंदी मात्र मागेच राहिला, असं लोक दाखवतात. नामदेवांचं गाव नरसी याच जिल्ह्यात आहे. या गोष्टीतला नामदेव आपला आवाज चढवत नाही, हे मला फार आवडतं. आवाज न चढवताही त्याचं गाणं पोचायचं तिथे पोचलं.

आणि याच औंढा तालुक्यात, दुधाळा गावाच्या शिवारात, भारताचा सर्वांत तिखट कान उभा राहतो आहे. त्याचं नाव लायगो-इंडिया. केंद्र सरकारने २०१६ साली त्याला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका ही संस्था या कामात आहे, गांधीनगर आणि इंदूरच्या संस्थाही आहेत. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आत हवा नाही, टोकांना काचेच्या धाग्यांवर टांगलेले आरसे आणि त्यांच्यामध्ये धावणारा लेझरचा किरण, असं हे यंत्र असणार आहे. ते पुरं व्हायला अजून काही वर्षं लागतील.

हा कान काय ऐकणार? गुरुत्वीय लहरी. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की अवकाशच थरथरतं. ती थरथर पृथ्वीवर येईपर्यंत इतकी बारीक होते, की चार किलोमीटरची नळी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी लांब-आखूड होते. अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा टिपली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली! या कामासाठी २०१७ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळालं.

आता तो ८० आकडा आठवा. पहिल्या लहरीची थरथर सेकंदाला ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली. म्हणजे आपल्या जीपच्या सेकंदाला ८० धक्क्यांचा सूर तिच्या याच टप्प्यात येतो! कृष्णविवरं आणि जीप, दोघांची पट्टी एकच. म्हणून तर असं यंत्र रेल्वे आणि मोठ्या रहदारीपासून दूर, शांत जमिनीवर बांधावं लागतं. अमेरिकेत लिव्हिंग्स्टन इथल्या यंत्राला सुरुवातीला जवळच्या झाडतोडीचा आणि आगगाड्यांचा इतका त्रास झाला, की दिवसा काम करणं अवघड होई. मग जमिनीची थरथर उलट्या हालचालीने मोडून काढणारे पाये बसवावे लागले. आरसे तर चार पदरी लोलकावर टांगलेले असतात. पाहिलंत ना? जीपच्या पाइपाला रबरी टांगणी आणि लायगोच्या आरशाला लोलकाची टांगणी. कारागिरी फार वेगळी, पण कल्पना एकच, थरथर पुढे जाऊ द्यायची नाही.

जवळा बाजारची जीप औंढ्याचा कान बहिरा करेल, असं मुळीच समजू नका. तेवढी काळजी शास्त्रज्ञ घेतातच. पण ज्या तालुक्यात विश्वातली सर्वांत हळू कुजबुज ऐकायची तयारी चालली आहे, तिथल्या बाजारात माणसाला शेजारच्या माणसाचं बोलणं तरी ऐकू यावं, एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

तुम्हाला एक काम देतो. येत्या रविवारी घरातल्या मोठ्यांबरोबर एक वही घेऊन ओट्यावर बसा. अर्ध्या तासात किती गाड्या गेल्या, त्यांतल्या कितींमुळे तुमचं बोलणं थांबलं, ते लिहा. त्यांतल्या कोणत्या गाडीचा सायलेन्सर फुटलेला असावा, तेही ओळखून लिहा. आणि त्यांत एखादी ओळखीच्या काकांची गाडी निघाली, तर त्यांना नम्रपणे रबरी टांगणीची आणि मोठ्या डब्याची गोष्ट सांगा. कार्बन मोनॉक्साइडचीही सांगा. ती सांगायला मात्र विसरू नका.